जुन्या रस्त्यावरून परत येताना

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण पुढे जे सांगतोय, त्यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. सगळं माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. आणि तेही रात्री-बेरात्री नाही.

भर दुपारी घडलंय.

उन्हाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या मजल्यावरची खोली. खिडकी सताड उघडी, आणि खिडकीखाली हॉर्न वाजवत वाहणारा रस्ता. भीती वाटावी असं त्या खोलीत काही म्हणजे काही नव्हतं.

मावशी घाबरट बाई नाही. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं तिचं दुकान आहे, त्याच इमारतीत, तळमजल्यावर. दिवसभर गॅरेजवाल्यांशी हुज्जत घालते. ठणठणीत आवाज. पण हे सगळं तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका खाली गेला होता, की मला खुर्ची तिच्याजवळ ओढावी लागली.

सांगायला ती माझ्या घरी आली होती. स्वतःच्या घरात तिला हे बोलायचं नव्हतं.

का, ते पुढे कळेलच.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट. "जन्मभर वर गेलो नि खाली आलो," ते म्हणायचे. "एकदा तरी सरळ जायचंय."

सरळ म्हणजे कुठे, ते आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. जुना महामार्ग. देशाच्या एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत. शेकडो वर्षं जुना. त्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे गेले, सैन्यं गेली, घरदार सोडून निघालेली माणसं पायी चालत गेली. आता शेजारून नवा रुंद रस्ता झालाय, त्यामुळे जुन्याकडे कुणी फिरकत नाही. कमानींचे पूल, दगडी मुक्कामघरं, मैलाचे दगड, सगळं तसंच उभं आहे म्हणतात. आणि अगदी शेवटी समुद्र. समुद्रावर एक दीपगृह.

काका निवृत्त झाले की निघायचं, असं दोघांचं ठरलं होतं. एक जुनी गाडी घेतली. मावशीने स्वतःच्या हाताने तिच्या सीट शिवल्या. काकांनी खोलीच्या भिंतीवर भलाथोरला नकाशा लावला. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, "काय, पोहोचलात का?" काका म्हणायचे, "निघालोच आहोत."

आणि निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना काका लिफ्टच्या खड्ड्यात पडले.

जीव वाचला. कमरेखालचं अंग गेलं.

मावशीने गाडी विकून टाकली. खिडकीतून ती उभी दिसायची, ते बघवत नव्हतं. काका घरी आले, पलंगावर पडले, आणि बोलायचेच थांबले. विचारलं तर हो, नाही. जेवण समोर ठेवलं तर चार घास. बाकी दिवसभर भिंतीकडे तोंड. नकाशाच्या नाही, दुसऱ्या भिंतीकडे.

मावशी खचली नाही. एका दुपारी दुकान बंद करून ती वर आली, पलंगाशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाली, "चला, निघायचं ना?"

"कुठे?"

"जुन्या रस्त्याने. गाडी खाली उभी आहे. तुम्ही चालवा, मी बाहेर बघते."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिचं डोकं फिरलंय. मग म्हणाले, "आधी पेट्रोल भरावं लागेल."

अशी सुरुवात झाली.

रोज दुपारी. दोघंही डोळे मिटून घ्यायचे. काका दोन्ही हात पुढे धरून गाडी चालवायचे. कुठे वळायचं, कुठे चढ आहे, हे ते सांगायचे. नकाशा त्यांना तोंडपाठच होता. आणि बाहेर काय दिसतंय, ते मावशीने सांगायचं. तो दोघांचा नियमच होता. बाहेरचं सगळं मावशीच्या हातात. ती म्हणाली ऊन, तर ऊन. ती म्हणाली तळं, तर तळं. काका त्यात कधी ढवळाढवळ करायचे नाहीत.

थांबले तिथूनच दुसऱ्या दिवशी पुढे निघायचे. चहा प्यायला थांबायचे. काचा खाली करायच्या की वर, यावरून भांडायचे. शेजारीण एकदा दारात उभी राहून ऐकत होती, तर काकांनी डोळे न उघडता सांगितलं, "मागे जागा आहे, येता का?"

काका हसायला लागले. जेवायला लागले. मावशीला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मग एके दिवशी...

गाडी घाट उतरून सपाटीला लागली होती. मावशी सांगत होती. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. डावीकडे पडकी पागा. पुढे एकटंच मोठं झाड.

आणि झाडाखाली कुणीतरी उभं होतं.

मावशी सांगते, मी त्याला आणला नव्हता. गवत मी आणलं, पागा मी आणली, झाडही माझंच. हा माणूस माझा नव्हता. तो तिथे होताच.

उंच होता. मळकट लांब कोट. चेहरा नीट दिसत नव्हता. बूट पायात नव्हते. हातात धरले होते.

तिने तो सांगितलाच नाही. झाडावरून एकदम पुढच्या तळ्यावर गेली.

काकांनी मान किंचित मागे वळवली.

मग म्हणाले, "तू त्याला गाळलंस."

"कुणाला?"

"झाडाखालच्या. हातात बूट घेतलेल्या."

तिने डोळे उघडले.

आणि तेव्हा तिला जाणवलं...

खिडकीखालचा रस्ता गप्प होता.

ती उठून खिडकीशी गेली. खाली बस चालली होती. स्कूटरवाले एकमेकांवर ओरडत होते, त्यांची तोंडं हलत होती. कोपऱ्यावरचा लोहार घण घालत होता. आवाज मात्र कशाचाच नव्हता. कानावर कुणी जाड पांघरूण टाकावं तसं.

काकांनी हात खाली घेतले. त्यासरशी हॉर्न एकदम कानावर आदळला.

तिने स्वतःची समजूत घातली. आपण दमलोय. आणि नवरा-बायको इतकी वर्षं एकत्र राहिले, की एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळतंच.

दुसऱ्या दिवशी गाडी बरीच पुढे गेली होती. नदी, नदीवर कमानींचा पूल.

पुलाच्या तोंडाशी तो उभा होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्कामघराच्या पायरीवर. मग मैलाच्या दगडापाशी. गाडी कितीही पुढे जावो, तो आधीच पुढे पोहोचलेला. आणि दर वेळी डांबराच्या जरा जास्त जवळ. शेवटी तर त्याने हात वर केला.

"थांबू नका हं," मावशी म्हणाली.

"थांबत नाहीये," काका म्हणाले. पण गाडी त्यांनी हळू केली होती. तिला कळलं.

त्या दिवसापासून तिने खेळ बंद केला. दुकानात काम फार आलंय, असं सांगितलं. काका रागावतील, निदान रुसतील, असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं. तू तुझं काम कर."

इतकंच. हसून म्हणाले.

मावशी सांगते, मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

पुढे एका दुपारी ती कात्री न्यायला अचानक वर आली. जिना चढतानाच तिला काकांचा आवाज ऐकू आला. ती दाराबाहेर थबकली.

"हो, पुढे वळण आहे. माहितेय मला."

मग शांतता. दुसरं कुणीतरी बोलत असावं, एवढी.

"नाही, ती नाही येत आता. घाबरली."

पुन्हा शांतता.

"खरंच? पुन्हा पहिल्यासारखा?"

मावशीने दार ढकललं. खोलीत काकांशिवाय कुणी नव्हतं. काकांचे हात पुढे धरलेले, डोळे मिटलेले. आणि खोलीत कोंदट वास. भिजलेल्या लोकरीचा. बाहेर ऊन रणरणत होतं, घरात लोकरीचं एक कापड नव्हतं.

"तुम्ही त्याला घेतलंत गाडीत," ती म्हणाली.

"मी गाडी थांबवली नाही," काका शांतपणे म्हणाले. "मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा."

"अहो, काय बोलताय हे?"

"ते राहू दे. माझ्या पायाकडे बघ."

तिने चादर बाजूला केली.

काकांचा उजवा पाय...

हलत होता.

अंगठा खाली दाबला जात होता आणि वर येत होता. हळूहळू. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा तसा. अपघात झाल्यापासून त्या पायाला सुई टोचली तरी कळत नव्हतं.

हसावं की रडावं, मावशीला कळेना.

व्यायाम करून घ्यायला एक थेरपिस्ट बाई घरी यायच्या. त्यांनी पाय दाबून पाहिला, ठोकून पाहिला. काही नाही. लाकडाचा ओंडका. "असं कधीकधी वाटतं घरच्यांना," त्या मावशीला बाहेर नेऊन समजुतीने म्हणाल्या. "आशा असते ना."

पण मावशीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा पाहिलं. गाडी चालू असली की पाय हलायचा. गाडी थांबली की मेला.

"तो काय म्हणतो?" तिने एकदा धीर करून विचारलं.

"म्हणतो, शेवटपर्यंत पोहोचलास की उतरता येतं."

"उतरता येतं म्हणजे? चालता येतं?"

"उतरता येतं, एवढंच म्हणतो."

"आणि त्याला कुठे उतरायचंय?"

काकांनी हात पुन्हा पुढे धरले.

विचार करा, मावशीचं काय झालं असेल. समोर नवऱ्याचा पाय हलतोय. तोच पाय, ज्याच्यासाठी तिने डॉक्टरांचे उंबरठे झिजवले. थांबवावं तर त्याची आशा आपल्याच हाताने मारल्यासारखं. थांबवू नये, तर 'उतरणं' या शब्दाचा अर्थ तिला लावायचा नव्हता. कारण काका वाळत चालले होते. गालफडं बसली. हात गार पडायचे. आणि दुपार संपली, की परत यायला त्यांना रोज जास्त वेळ लागत होता. ती हाका मारायची, गालावर पाणी शिंपडायची, तेव्हा कुठे डोळे उघडायचे.

शेवटी काकाच म्हणाले, "उद्या पोहोचतोय. आता फार राहिलं नाही. यायचं तर ये. नाहीतर मी एकटा जाईन."

ते एकटे जाणार नव्हते, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलंच नाही. स्टूल ओढून बसली. डोळे मिटले.

आणि रस्ता समोर आला.

तिला काही सांगावंच लागलं नाही. सगळं आधीच होतं. राखाडी आकाश. दोन्ही बाजूंना वाळू. गाडीत भिजलेल्या लोकरीचा वास भरलेला. आणि मागून श्वासाचा आवाज... लांब, सावकाश. झोपलेल्या माणसाचा नाही. वाट बघणाऱ्याचा.

"मागे बघू नकोस," काका म्हणाले.

तिने बघितलं नाही. आरशातही नाही. पण तिला मानेवर गार वारा लागत होता.

खिडकीखालचा रस्ता कधीचाच गप्प झाला होता.

मग दूरवर दीपगृह दिसलं. काका तरुण माणसासारखे हसले. "बघ. आलो की नाही? सरळ आलो."

गाडी जवळ जाऊ लागली. दीपगृहाच्या पायथ्याशी तिला माणसं दिसली. पुष्कळ होती. ओळीने उभी. कुणी काही बोलत नव्हतं. समुद्र होता, पण लाटेचा आवाज नव्हता.

सगळ्यांच्या हातात बूट होते.

"अहो, वळवा."

"आता कशाला? पोहोचलो."

"वळवा म्हणते ना मी."

"अगं, माझा पाय बघ. दोन्ही पाय बघ." काकांनी दाराकडे हात नेला. "दार उघडतो फक्त. खाली उतरून एकदा उभा राहतो. एकदाच."

पलंग करकरला. तिने डोळे न उघडताच हात पुढे केला. काका खरोखर उठत होते. कमरेतून, गुडघ्यातून. पाय पलंगाखाली सोडून.

आणि मागून, अगदी तिच्या कानाशी, कुणीतरी हलकेच म्हणालं...

"उतरू दे त्याला."

मावशीला तेव्हा नियम आठवला. बाहेरचं सगळं तिच्या हातात.

"पुढे रस्ता नाही," ती मोठ्याने म्हणाली. "रस्ता इथे वळलाय. गाडी वळली. दीपगृह मागे राहिलं. आता डावीकडे समुद्र नाही, वाळू आहे. वाळू संपली. गवत आलं."

काका ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिने त्यांना दोन्ही हातांनी पलंगावर दाबून धरलं आणि बोलत राहिली. थांबली की राखाडी आकाश परत येत होतं, म्हणून थांबलीच नाही. मैलाचा दगड. मुक्कामघर. पूल. पुलाखालची नदी. तळं, झाड, पागा. घाट चढलो. घशाला कोरड पडली, आवाज बसला, तरी सांगत राहिली. आपलं शहर आलं. आपला चौक. उजवीकडे वळलो, लोहाराच्या दुकानापुढून. ही आपली इमारत. हे माझं दुकान, कुलूप लावलंय. जिना. दुसरा मजला. हे आपलं दार, हिरव्या रंगाचं. दार उघडलं. ही खोली. हा पलंग. यावर तुम्ही. तुमच्याजवळ मी.

हॉर्न वाजला.

तिने डोळे उघडले. खोलीत संध्याकाळचं ऊन आलं होतं. काका पलंगावर होते, जिवंत होते, श्वास चालू होता. पाय ओंडक्यासारखे पडलेले.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला आणलंस," ते म्हणाले. "पण त्याला कुठे उतरवलंस?"

वाटेत कुठेही मागचं दार उघडल्याचा आवाज आला नव्हता. आणि ती बोलत होती. मोठ्याने. एकेक वळण, चौक, मजला, दाराचा रंगसुद्धा.

रस्ता तिनेच सांगितला होता. घरापर्यंतचा.

त्यानंतर त्या खोलीत काय काय झालं, ते मावशीने मला पूर्ण सांगितलं नाही. दुपारी खिडकीखालचा रस्ता गप्प व्हायचा, एवढं म्हणाली. काका खेळ खेळत नसतानाही. मग तिने ते घर सोडायचं ठरवलं.

सामान हलवायला टेम्पो आला. काकांना मागे गादीवर झोपवलं. मावशी पुढे बसली. टेम्पोवाला बडबड्या होता. विचारत होता, "ताई, कुठल्या बाजूला? पुढून डावीकडे ना?" ती तोंडातून शब्द काढेना. नुसती हाताने दाखवायची. इकडे. तिकडे. सरळ. टेम्पोवाल्याला वाटलं असेल, बाई मुकी आहे. नवं घर येईपर्यंत तिने दातावर दात दाबून धरले होते.

सामान लागलं. माणसं गेली. काकांना नव्या पलंगावर ठेवलं. खिडकीतून वर्दळीचा आवाज येत होता. सगळे आवाज जागच्या जागी. मावशीने तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला. काकांचा हात हातात घेऊन म्हणाली, "सुटलो."

काका छताकडे बघत होते.

"त्याने विचारलं होतं मला," ते म्हणाले. "निघायच्या आधी. नवा पत्ता काय म्हणून."

मावशीचा हात तसाच राहिला.

"सांगितलात?"

काकांनी मान फिरवली. आपल्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

उत्तर त्यांनी दिलं नाही. आजपर्यंत दिलेलं नाही. आणि मावशीने पुन्हा विचारलेलं नाही.

मी त्यांच्या नव्या घरी अजून गेलेलो नाही. ती बोलावते, मी काहीतरी कारण सांगतो. मागच्या आठवड्यात तिचा दुपारी फोन आला होता. म्हणाली, सगळं ठीक आहे, काका खूश आहेत, हल्ली त्यांची भूकही वाढलीय.

मी हो हो म्हणत राहिलो.

तिच्या पाठीमागे रस्त्याचा आवाज येतोय का, ते ऐकायचा प्रयत्न करत होतो...